वटवाघळाच्या रक्तातला जंतू आणि शाळेमागची चिंच

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर "वटवाघळांच्या रक्तात घातक जिवाणू" अशी बातमी आली होती. चार बोटं जागा, मथळा जाड, खाली दात विचकलेल्या वटवाघळाचा फोटो, आणि मजकुरात जिवाणूचं नाव नाही, कुठल्या देशातली वटवाघळं ते नाही, माणसापर्यंत तो जंतू येतो कसा ते तर नाहीच. बातमी खोटी होती असं मी म्हणत नाही. वटवाघळांच्या रक्तात जिवाणू असतात हे जगभरात तपासून झालेलं आहे. पण आमच्याकडं बातमी पूर्ण वाचतंय कोण, मथळ्याचा फोटो काढला की गेला व्हाट्सअपवर, आणि दुपारपर्यंत पारावर चर्चा सुरू की आता कोरोनाचा बाप येणार, शाळेमागची वटवाघळांची चिंच तोडा म्हणून.

मी पशुसंवर्धन खात्यातला रिटायर पशुधन पर्यवेक्षक, लोकांच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. सगळी नोकरी परभणी-हिंगोली भागात गेली. जनावराच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, काचपट्टीवर पातळ ओढायचं, वाळवायचं, मिथेनॉलमध्ये पक्कं करायचं, गिम्सा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, हे काम इतकं केलंय की रक्तातला जंतू म्हणलं की घाबरायच्या आधी मला एकच प्रश्न पडतो, हा एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो कशानं? बातमीत नेमकं तेच नव्हतं, म्हणून हा पत्रप्रपंच. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

वटवाघळांच्या रक्तात सापडणाऱ्या जिवाणूंत दोन घराणी मोठी. एक बार्टोनेला, दुसरं हिमोप्लाझ्मा म्हणजे मायकोप्लाझ्माच्या कुळातले पण रक्तात राहणारे. बार्टोनेला तांबड्या पेशीच्या आत शिरून बसतो आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात बी राहतो. वाढतो फार हळू, लॅबमध्ये रक्तातून वाढवायचा म्हणलं तर कधी कधी आठवडे जातात, त्यामुळं आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये नेहमीच्या तपासणीत तो घावणार नाही. हिमोप्लाझ्मा पेशीला बाहेरून चिकटतो. त्याला पेशीभिंतच नसते, म्हणून जंतूची भिंत बांधू न देणारी पेनिसिलिनसारखी औषधं त्याच्यावर चालत नाहीत, तिथं डॉक्सीसायक्लिनच्या जातीचं औषध लागतं. आफ्रिका, युरोप, आशिया, अमेरिका, जिथं जिथं वटवाघळं धरून रक्त तपासलं तिथं बार्टोनेला निघालाच म्हणायचं. केनियातला अभ्यास २०१० साली छापून आला, त्यात १३ जातींची वटवाघळं होती, फळं खाणारी बी आणि किडे खाणारी बी, आणि त्यातल्या शंभराच्या वर वटवाघळांच्या रक्तातून जिवंत बार्टोनेला वाढवून दाखवला होता. एवढा जंतू रक्तात घेऊन वटवाघूळ मात्र बहुतेक वेळा ठणठणीत दिसतं, उडतं, पिल्लं वाढवतं. फार जुनी सोबत आहे त्यांची.

आमच्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही कारण गोठ्यात तेच चालू आहे. ॲनाप्लाझ्मा हा बी जिवाणूच, गाईच्या तांबड्या पेशीच्या अगदी कडेला निळसर-जांभळा ठिपका दिसतो, नवख्या माणसाला तर रंगाचा डाग वाटतो. गोचिडानं येतो, चावऱ्या माशीनं येतो, आणि एकच सुई न उकळता अख्ख्या गोठ्याला टोचली तर सुईनं बी येतो. आपली देवणी नाहीतर लाल कंधारी गाय हा जंतू अंगात घेऊन वर्षानुवर्षं चरते, दूध देते, कुणाला पत्ता लागत नाही. तोच जंतू शेजारच्या एचएफ (होल्स्टिन या परदेशी जातीच्या) संकरित गाईच्या अंगात गेला की ती ताप काढते, डोळे-हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, मग पिवळ्या होतात, धाप लागते, दूध बंद. मग आपण काय करतो, देवणी मारून टाकतो का? गोचीड मारतो. गोठा सारवतो, भिंतीच्या फटीत औषध मारतो, सुई बदलतो. एवढी साधी गोष्ट वटवाघळाच्या बाबतीत का डोक्यात येत नाही मला कळत नाही.

आता वटवाघळाचं गोचीड कोणतं म्हणाल तर त्याच्यावर एक माशी असते. माशी म्हणलं तरी बघितल्यावर कुणी माशी म्हणणार नाही, काही जातींना पंखच नसतात, लांब लांब पाय, डोकं मागं पाठीवर दुमडून ठेवलेलं, एकदम बारका कोळीच वाटतो. एका पडक्या गढीच्या तळघरात मेलेलं वटवाघूळ उलटवून बघितलं होतं, हातात ग्लोव्हज होते, तर मानेच्या केसांत या माशा अशा सुळकन पळत होत्या की चिमट्यात एक सापडंना, आडवं-उभं-तिरकं कसं बी पळतात आणि केसात बुडी मारली की गायब. ही माशी वटवाघळाचंच रक्त पिऊन जगते. अंडी घालत नाही, अळी पोटातच वाढवते, एका वेळी एकच, आणि कोष व्हायच्या बेतात आली की वटवाघळाच्या अंगावरून उतरून भिंतीला नाहीतर कपारीला चिकटवून परत अंगावर जाते. वटवाघळाच्या अंगावरून वेगळी केली तर फार टिकत नाही. जगात ठिकठिकाणी या माशांमध्ये बार्टोनेला सापडलेला आहे, म्हणून एका वटवाघळातून दुसऱ्यात तो हीच नेत असावी असं जाणकार मानतात. सांगायचा मुद्दा असा की हा जंतू हवेतून उडत येत नाही. चिंचेवर वटवाघूळ लटकलेलं आहे आणि खालून पोरगं सायकलवर शाळेत गेलं म्हणून त्याच्या रक्तात बार्टोनेला जाणार नाही.

निपाह आणि कोरोना यात घुसडू नका ही आणखी एक विनंती. ते विषाणू, हे जिवाणू. निपाहचं वटवाघळाशी नातं पक्कं आहे, केरळात २०१८ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, आणि आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत २०२० साली निपाहच्या खुणा शोधल्या हे बी खरं. पण त्याची वाट वेगळी, लाळ, लघवी, उष्टं फळ, आणि मग आजारी माणसाकडून माणसाला. रक्तातल्या जिवाणूची वाट वेगळी. सगळं एका फोटोखाली एकत्र केलं की लोक एकच निष्कर्ष काढतात, झाड तोडा.

मग माणसाला धोका शून्य आहे का? तसं बी म्हणता येत नाही आणि मी म्हणणार नाही. बार्टोनेलाच्या कुळाचा इतिहास मोठा आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात डॅनियल कॅरियन नावाचा डॉक्टरकीचा विद्यार्थी होता, त्यानं १८८५ साली एका पेशंटच्या अंगावरच्या फोडातलं रक्त स्वतःच्या हातात टोचून घेतलं, आजार कसा चढतो ते लिहून ठेवायला, आणि त्यातच गेला. त्या आजाराला पुढं त्याचंच नाव पडलं. तो पसरवते वाळूमाशी, चांदीपुरा तापामुळं आपल्याकडं जिचं नाव ऐकू येतं त्याच जातीची बारीक माशी. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना अंगावरच्या उवांमुळं जो ताप यायचा तो बी बार्टोनेलाच. मांजरानं ओरबाडल्यावर काखेत गाठ येते, ताप येतो, तो बी त्याच कुळातला, मांजराच्या पिसवांमुळं मांजरात फिरणारा. म्हणजे माणसाला जास्त छळणारे बार्टोनेला वाळूमाशीचे, उवेचे आणि मांजराचे आहेत, आणि मांजर तर आपल्या चुलीपाशी झोपतंय, त्याचा दात विचकलेला फोटो कोणी छापत नाही!

वटवाघळाच्या बाजूनं बघितलं तर ज्या घटना नोंदल्या गेल्यात त्या थोड्या आहेत पण विचार करायला लावणाऱ्या आहेत. अमेरिकेतल्या एका पेशंटच्या हृदयाच्या झडपेत एक नवीन बार्टोनेला सापडला, ते २०१० ला जाहीर झालं, आणि २०१४ ला तसाच जंतू फिनलंडमधल्या वटवाघळांत दिसला. त्या माणसाला तो वटवाघळापासूनच झाला असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही. नायजेरियात एका गावी वटवाघळांचा सण असतो, लोक गुहेत शिरून हातानं वटवाघळं धरतात, चावे-ओरखडे खातात, नंतर ती शिजवून खातात, तिथल्या थोड्या लोकांच्या रक्तात वटवाघळाच्या बार्टोनेलाविरुद्धच्या अँटीबॉडी निघाल्या, हा अभ्यास २०१८ चा. आणि पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया म्हणून बेट आहे, तिथं मोठ्या फळवटवाघळांची शिकार करून खायची पद्धत आहे, तिथल्या काही पेशंटना ताप, प्लीहा सुजलेली, वजन उतरलेलं, तांबड्या पेशी फुटून जीवघेणा ॲनिमिया असा आजार झाला, आणि त्यांच्या रक्तात जो हिमोप्लाझ्मा मिळाला त्याचा माग तिथल्या फळवटवाघळांपर्यंत गेला. शेवटच्या दोन गोष्टी नीट बघा. दोन्हीकडं माणसानंच वटवाघळाला हात घातलाय.

आणि इथं मला आमच्या लोकांशी भांडायचं आहे. एकीकडं वटवाघूळ म्हणलं की तोंडावर उपरणं धरायचं, आणि दुसरीकडं दम्यावर चालतंय म्हणून त्याच वटवाघळाचं मटण गुपचूप मागवायचं, गुडघ्याला त्याच्या चरबीचं तेल चोळायचं. हे आजही होतं, मला नावं माहीत आहेत, लिहीत नाही. गलोलीनं पाडायचं, उघड्या हातानं धरायचं, ते चावणार, नखं मारणार, मग सोलायचं, सोलताना रक्त बोटाच्या चिरांत जाणार, आणि कापूस वेचणीच्या दिवसात आमच्या कुणाच्या बोटाला चिरा नसतात सांगा? रक्तातला जंतू माणसाच्या रक्तात जायचा याच्यापेक्षा सोपा रस्ता मला तरी सुचत नाही. दमा त्यानं बरा होतो याला कसलाही आधार नाही. दम्याला इन्हेलर आहे, सरकारी दवाखान्यात विचारा.

दुसरी वेळ उन्हाळ्याची. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ च्या पुढं गेला की मोठी फळवटवाघळं झाडावर पंखानं वारा घालत बसतात, एकमेकांना चिकटतात, खाली सरकत येतात आणि काही पटापट पडतात. ऑस्ट्रेलियात ४२ अंशाच्या वर गेलं की ती मोठ्या संख्येनं मरतात असं दिसून आलंय, आपल्याकडची त्याच जातकुळीची. लहान पोरं मायाळू असतात, पडलेलं उचलून पाणी पाजायला जातात. पोरांना रागवू नका, पण हात लावू देऊ नका. जाड फडकं किंवा पोतं टाकून सावलीत सरकवायचं, जमलं तर लांब काठीनं, पाण्याचं भांडं जवळ ठेवायचं आणि वनखात्याच्या माणसाला फोन करायचा. चावलंच किंवा ओरखडलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जाऊन "वटवाघूळ चावलं" असंच स्पष्ट सांगा, काहीतरी लागलं असं मोघम सांगू नका.

तिसरी गोष्ट माळवदाची. हे शहरातल्या वाचकाला कळणार नाही पण आमच्याकडं अजून माळवदाची घरं आहेत, लाकडी सर, त्याच्यावर किलचण म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, वर मातीचा थर. त्या किलचणीच्या फटीत बारकी वटवाघळं राहतात, अंगठ्याएवढी, दिवेलागणीला एकेक करून टपकल्यासारखी बाहेर पडतात आणि रात्रभर किडे-डास खात फिरतात. सकाळी खाली जिऱ्यासारख्या काळ्या लेंड्यांची रांग दिसली की समजायचं. लोक धूर करतात नाहीतर फटीत सिमेंट भरून मोकळे होतात. यात दोन घोटाळे होतात. आत पिल्लं असली तर मरून कुजतात, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, वटवाघळावर एक मऊ जातीचं गोचीड असतं, ते अंगावर राहत नाही, फटीत राहतं, रात्री येऊन रक्त पितं आणि परत फटीत. ते महिनोन्महिने उपाशी राहू शकतं. वटवाघळं अचानक हाकलली की हे उपाशी गोचीड खाली अंथरुणावर उतरतं, माणसाला चावल्याच्या नोंदी बाहेरच्या देशात आहेत. म्हणजे जंतूच्या भीतीनं वटवाघूळ हाकलायचं आणि त्याचं गोचीड आपल्या गादीत घ्यायचं. काढायचीच असतील तर पिल्लांचा काळ टाळा, संध्याकाळी ती कुठल्या फटीतून निघतात ते आधी बघून ठेवा, त्या फटीवर कापडाचा पडदा असा सोडा की बाहेर निघता येईल पण आत शिरता येणार नाही, काही रात्री तसंच राहू द्या, सगळी गेली की मग फट बुजवा आणि त्यानंतर गोचिडाचं औषध मारा. लेंड्या झाडताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा, वाळलेली धूळ छातीत जाऊ देऊ नका, त्यात बुरशी असू शकते.

आता मूळ भांडणाकडं येतो. आमच्या गावात शाळेच्या मागं ओढ्याच्या कडेला जुनी चिंच आहे, तिच्यावर शेकड्यानं मोठी फळवटवाघळं. बातमी फिरली तेव्हापासून ती तोडायचा विषय निघालाय, तोवर रोज संध्याकाळी सुतळी बॉम्ब लावायचे असं तरुण पोरांनी ठरवलं बी. पालकांची काळजी मला कळते, लेकरं तिथं शिकतात, आणि वासही येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण झाड पाडलं तर ती वटवाघळं विरघळून जाणार नाहीत, त्यांच्या माशा आणि जंतू सोबत घेऊन पलीकडच्या वस्तीतल्या वडावर, नाहीतर तिथून मंदिराच्या पिंपळावर जातील. जिवाणू कमी होणार नाही, पत्ता बदलेल. त्यापेक्षा झाडाखालची जागा तारेनं अडवा, खाली पडलेली उष्टी फळं पोरांनी खाऊ नयेत म्हणून रोज झाडून पुरा, शाळेची पाण्याची टाकी झाकणाची करा. हे सगळं एका दिवसाचं काम आहे, आणि लाकूड विकायला मिळणार नाही एवढीच अडचण. (चिंचेच्या लाकडाचा भाव कुणाला विचारायचा ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे.)

फळबागवाल्यांचा राग वेगळा आहे आणि तो खोटा नाही. पेरू, चिक्कू, केशर आंबा, रात्रीतून उष्टा करून टाकतात. त्याला जाळी हाच उपाय, आणि जाळी ताणून बांधा, ढिली सोडली की वटवाघूळ गुंतून मरतं आणि मग ते काढायला परत उघडा हात. पण हिशेब करायचा तर दोन्ही बाजूनं करा. मोह, सावर, गोरखचिंच यांच्या फुलांचे पराग रात्री फळवटवाघळं इकडून तिकडं नेतात, उंबर-वडाचं बी तीच लांब नेऊन टाकतात. आणि बारकी, किडे खाणारी वटवाघळं कापसावर काय काम करतात त्याचा हिशेब अमेरिकेत टेक्सासमध्ये झालाय, तिथल्या आठ काउंटींमधल्या (आपल्या जिल्ह्यासारखे भाग) कापसावरच्या बोंडअळीचे पतंग खाऊन वटवाघळं वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचवतात असा अंदाज २००६ साली मांडला गेला. ती तिथली बोंडअळी, आपली गुलाबी वेगळी, त्यामुळं तो आकडा इथं चिकटवू नये, पण रात्री उडणारा पतंग रात्री उडणारंच खाणार, कावळा तर झोपलेला असतो. आपल्याकडं असा हिशेब कुणी तरी करायला पाहिजे, कृषी विद्यापीठ परभणीतच आहे आणि पशुवैद्यकीय कॉलेज बी.

कायद्याचं एक सांगतो कारण सुतळी बॉम्बवाल्यांना ते माहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, त्यामुळं मारलं तरी कुणी विचारत नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालंय. तेव्हा जुन्या भरवशावर राहू नका, आधी वनखात्याला विचारा.

आणि खरं सांगू का संपादक साहेब, रक्तातल्या जिवाणूची एवढी काळजी असेल तर तापाच्या पेशंटची बातमी करा. विदर्भात २०१८ ला स्क्रब टायफसची साथ आली, गवतातल्या बारीक चिगर किड्यानं येणारा, तो बी जिवाणूच, वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनच्या साध्या गोळ्यांनी बरा होतो, नाही ओळखला तर माणूस हातचा जातो. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, पण ती काखेत, जांघेत, नाहीतर बाईच्या छातीखाली असते आणि कुणी कपडा बाजूला करून बघत नाही. आमच्या भागात पावसाळ्याच्या शेवटी तापाचा पेशंट आला की टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू अशा तीन पट्ट्या करतात आणि सलाईन लावतात. शेतात कुठं झोपला होता, गवत कापलं का, जनावराचं बाळंतपण केलं का, वटवाघूळ-उंदीर-मांजर कुणी ओरबाडलं का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. मी जनावराच्या मालकाला हेच सगळं विचारायचो, कारण म्हैस सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो तर त्याला कुणी विचारतच नाही.

तर आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी लावताना तीन ओळी वाढवा, जंतू कोणता, जातो कशानं, आणि माणसानं काय करू नये. आमच्या गावच्या ग्रामसभेत चिंचेचा विषय येत्या महिन्यात येणार आहे, त्याच्या आधी हे पत्र छापता आलं तर बघा. मी तोंडी सांगून बघितलं, "तुम्ही ढोराचे डॉक्टर, तुम्हाला वटवाघळातलं काय कळतंय" म्हणले. पेपरात आलेलं मात्र ऐकतात. कात्रण घेऊन जाईन म्हणतो.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर पशुधन पर्यवेक्षक,
ता. जिंतूर, जि. परभणी

ता. क. सुतळी बॉम्बचा खर्च ग्रामपंचायतीच्या कुठल्या खात्यातून होतोय ते बी जमलं तर आपल्या तालुका प्रतिनिधीला विचारायला सांगा.